अलकनंदाच्या यादीतली पाच रिव्हॉल्व्हरं

आयर्लंडमधल्या आमच्या क्लोनडॉकिनच्या घरात चहा-साखरेच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. इथले लोक स्वयंपाकघरातल्या कपाटाला 'प्रेस' म्हणतात आणि वीस वर्षांत आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्या प्रेसचं दार उघडणाऱ्या पाहुण्याला तो कागद वाणसामानाची यादी वाटतो. जवळ जाऊन वाचला की पाहुणा पुन्हा वरपासून वाचतो. माझ्या बायकोच्या, अलकनंदाच्या, टपोऱ्या अक्षरात त्यावर पाच रिव्हॉल्व्हरांची नावं लिहिलेली आहेत. ती तिला कधी ना कधी विकत घ्यायची आहेत.

मी विक्रांत, पुण्याचा, कर्वेनगरचा. आमच्या घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे विळी. अलकनंदा नागपूरची. तिचे वडील सुभाष बोकारे पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची रिव्हॉल्व्हरं उघडली, साफ केली, जुळवली आणि परत दिली. स्वतःच्या नावावर त्यांनी कधी एअरगनसुद्धा घेतली नाही. मुलीला मात्र त्यांनी कॉलेजात एनसीसीच्या रेंजवर धाडलं आणि ती रायफलमध्ये राज्यात दुसरी आली. लग्न ठरवायच्या बैठकीत माझ्या आईनं मुलीला काय काय येतं असं विचारलं, तेव्हा तिच्या बाबांनी सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं. आई नंतर बराच वेळ पोह्यांकडेच बघत होती.

अलकनंदा आता एकोणपन्नास वर्षांची आहे. मेनूथजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा विभाग सांभाळते. शनिवारी सकाळी ती किल्डेअरमधल्या एका पिस्तूल क्लबात असते. खडीच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणीत त्यांची रेंज आहे. तीन बाजूंना दगडी कडे आणि वर मेंढ्या. २००७ च्या एप्रिलपासून तिच्याकडे पॉइंट टू-टूचं टार्गेट पिस्तूल आहे, छोट्या बोअरचं, स्पर्धेत वापरतात तसलं. ते ठेवायला जिन्याखालच्या भिंतीत पोलादी तिजोरी बसवली आहे. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, ती तपासून गेले होते. लायसन्स दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं, आणि सतरा वर्षांत तिचा एक कागद एक दिवसही उशिरा गेलेला नाही. हे ती स्वतः कधी सांगत नाही. मी सांगतो.

रिव्हॉल्व्हर मात्र तिच्याकडे एकही नाही, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पिस्तूल घेतलं तेव्हा तिनं नागपूरला फोन केला. बाबांनी अभिनंदन केलं आणि एक अट घातली. दोन वर्षं छोट्या बोअरवर, मग मोठं. शस्त्रागारात त्यांनी असे पुष्कळ शिपाई पाहिले होते ज्यांच्या हातात पहिल्याच दिवशी मोठं रिव्हॉल्व्हर आलं. त्या धडाक्यानं त्यांचा हात जो दचकायला लागला तो निवृत्तीपर्यंत दचकत राहिला. अलकनंदानं हो म्हटलं. तिच्या घरात 'हो' म्हणजे शब्द दिला असा अर्थ होतो.

पुढच्याच वर्षी क्लबात कुजबुज सुरू झाली की कायदा बदलणार आहे. ज्याला मोठ्या बोअरचं काही घ्यायचं होतं तो घाईघाईनं अर्ज करायला लागला. अलकनंदालाही लोकांनी समजावलं. मीसुद्धा समजावलं, आणि मला तर ती वस्तू घरात नकोच होती. ती म्हणाली, अजून दोन वर्षं झालेली नाहीत. नोव्हेंबर २००८ मध्ये कायदा बदलला. मोठ्या बोअरच्या हँडगनला नवं लायसन्स मिळणं बंद झालं. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांचं तेवढं चालू राहिलं. तिच्या दोन वर्षांना पाच महिने कमी पडले होते.

त्या आठवड्यातल्या रविवारी तिनं चहा केला, कागद घेतला आणि यादी लिहिली. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, "कायदा बदलला तसा पुन्हाही बदलेल. तोवर मला काय हवंय ते मला नीट माहीत असायला पाहिजे." तिनं मला एकच गोष्ट बजावली. पाच महिने कमी पडल्याचं बाबांना कधीही कळता कामा नये.

गेल्या वर्षी जुलैत बाबा पहिल्यांदा आयर्लंडला आले. वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या हाताला कंप, बाकी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर शोधताना त्यांनी प्रेस उघडला आणि यादी वाचली. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचली. मग अलकनंदाला हाक मारली आणि चहा निवेपर्यंत दोघं त्या दारापाशी उभी होती.

पहिलं नाव स्मिथ अँड वेसनच्या के-अडतीसचं होतं, सहा इंची नळीचं टार्गेट रिव्हॉल्व्हर. त्याला बाबांनी मान डोलावली. याचा चाप ओढताना लोण्यात सुरी फिरल्यासारखं वाटतं, असं त्यांनी एका इन्स्पेक्टरकडून ऐकलं होतं. दुसरं फ्रेंच, मानुऱ्हिन. ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. अलकनंदानं त्याचा आतला सांगाडा कसा असतो ते टेबलावर बोटानं काढून दाखवलं, आणि त्यांनी मध्येच तीन प्रश्न विचारले. तिसरं जर्मन, कोर्थ. त्याच्यापुढे तिनं कंसात 'फक्त बघायला मिळालं तरी चालेल' असं लिहिलं होतं. चौथं कोल्ट पायथन.

पायथनवर बाबा थांबले. १९८० च्या निवडणुकीत सगळ्या लायसन्सवाल्यांना आपली हत्यारं पोलिसांकडे जमा करावी लागली होती. त्यात एका कोळसा खाणमालकाचं पायथन आलं. निळंशार पॉलिश, आरशात पाहावं तसं तोंड दिसायचं. सहा आठवडे ते बाबांच्या ताब्यातल्या कपाटात होतं. रोज संध्याकाळी ड्युटी संपताना रजिस्टरमध्ये सही करून ते बाहेर काढायचे, तेलाचा बोळा फिरवायचे आणि पुन्हा सही करून आत ठेवायचे. निवडणूक संपली, मालक घेऊन गेला. झाडलं मात्र कधी नाही. दुसऱ्याचं होतं.

ही गोष्ट अलकनंदानंही पहिल्यांदाच ऐकली.

पाचवं नाव वाचून बाबांचं तोंड वाकडं झालं.

"वेबली काहून लिहिलं?" ते म्हणाले. "चौतीस वर्षं त्याच्याच आतड्यात हात घालून बसलो. पुन्हा तोंड नाही पाहायचं मले त्याचं."

अलकनंदा म्हणाली, "तुमच्या हातून गेलेलं म्हणूनच लिहिलं, बाबा."

बाबांनी साखर घेतली आणि प्रेसचं दार हळूच लावलं.

शनिवारी आम्ही त्यांना रेंजवर नेलं. क्लबच्या सेक्रेटरीकडे पाहुणा म्हणून त्यांचा फॉर्म आधीच भरलेला होता. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मी दिलेला रेनकोट हातावर घडी करून धरला होता, कारण रेनकोटखाली शर्ट दिसला नसता. आत गेल्यावर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. लोक आपापली हत्यारं कौतुकानं दाखवत होते, घ्या, धरून बघा म्हणत होते. ते वाकून बघायचे, मान डोलवायचे, हात मागेच. मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं की ज्या हत्याराची सही आपण केलेली नाही त्याला आपण हात लावत नाही.

तिथं फिंटन कीहो होते. वय ब्याऐंशी, आयुष्यभर बसगाड्यांचे मेकॅनिक. अलकनंदाला क्लबात पहिल्या दिवसापासून शिकवणारे तेच. २००५ पासून त्यांच्या लायसन्सवर एक जुनं पॉइंट अडतीसचं वेबली आहे, आणि त्या दिवशी ते कोपऱ्यातल्या बाकावर हिरमुसून बसलेले होते. गेल्या महिन्यापासून वेबली शिशाचे कण बाजूला उडवत होतं. शेजारच्या माणसाच्या गालाला एक लागला. रेंजच्या अधिकाऱ्यानं त्यांना नाइलाजानं सांगितलं की दुरुस्त होईपर्यंत यातून गोळी झाडायची नाही. सुटा भाग आता कुठं मिळत नाही. दुरुस्त झालं नाही तर ते जमा करून नष्ट करायला द्यावं लागेल, आणि त्याच्या जागी, जुन्या लायसन्सवर, दुसरं घ्यायचं म्हटलं तर या वयात त्या सगळ्या कागदांच्या मागे कोण लागणार, असं ते म्हणाले.

अलकनंदानं हे सगळं बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी फिंटनना एवढंच करायला सांगितलं की रिव्हॉल्व्हर रिकामं करून, रेंजकडे तोंड करून, एकदा प्रत्येक घरावर घोडा हळू मागे ओढा. घोडा म्हणजे मागचा ठोका मारणारा भाग आणि घर म्हणजे फिरत्या चक्रीतली गोळीची जागा. वेबलीत अशी सहा घरं असतात. फिंटन ओढायला लागले. बाबांनी डोळे मिटले, मान थोडी कलती केली, हात पाठीमागेच. आसपासच्या दोघा-चौघांनी कानावरची संरक्षणं काढली.

सहा वेळा टकटक झाली. मला सगळे आवाज सारखेच वाटले.

"पाचवं घर उशिरा लागून राहिलं," बाबा म्हणाले.

फिंटननी पुन्हा ओढून पाहिलं. मग चक्रीवर खडूनं खूण केली आणि तिसऱ्यांदा ओढलं. पाचव्या घराला घोडा पूर्ण मागे गेला तरी चक्री तिच्या जागी बसत नव्हती. केसभर मागे राहत होती. तेवढ्यानं गोळी नळीच्या तोंडाला घासून शिसं उडत होतं. रेंजचा अधिकारीही वाकून बघायला आला. फिंटन एकदम माझ्याकडे वळून म्हणाले की आता कळलं, दोन वर्षं थांबायला सांगणारे ते वडील हेच. ही पोरगी २००८ च्या उन्हाळ्यात अर्जावर सही करायला तयार नव्हती, मी स्वतः तिच्यासाठी फॉर्म आणून ठेवला होता, आणि तिच्या दोन वर्षांना पाच महिने कमी असताना दार बंद झालं. ते हे कौतुकानं सांगत होते. त्यांना काय माहीत.

बाबांचं इंग्रजी जेमतेम, पण 'टू इयर्स' आणि 'फाइव्ह मंथ्स' त्यांना कळलं. अलकनंदा तेवढ्यात दुसरीकडे गेली होती. परतताना वाटेत ती दुकानात उतरली, तेव्हा गाडीत आम्ही दोघंच राहिलो. बाबांनी समोर बघत विचारलं, "जवाईबापू, ते पाच महिने कशाचे?"

मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. त्यांनी काच खाली केली, थोडा वेळ बाहेर पाहिलं आणि पुन्हा वर केली.

दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. चहा पिताना प्रेसच्या बंद दाराकडे बघायचे. अलकनंदाला वाटलं, प्रवासाचा शीण आहे. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनीच विषय काढला, पण वेबलीचा. ते दुरुस्त होईल, म्हणाले. इथं हे काम कोण करतं, असं त्यांनी विचारलं. अलकनंदा म्हणाली, अथाय गावाच्या बाहेर ओर्ला टिअर्नी नावाची बाई आहे, तिचं वर्कशॉप आहे. शस्त्रांची अधिकृत व्यापारी आणि कारागीरही. फिंटननी आधी तिलाच विचारलं होतं. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं होतं की चक्रीच्या मागे सहा दातांचा तारा असतो, त्याचा एक दात झिजला आहे, तारा नवा मिळत नाही आणि जुन्यावर धातू चढवायला गेलं तर उरलेले पाच दात बिघडायची भीती. बाबा म्हणाले, तिचं बरोबर आहे, ताऱ्याला हात लावायचाच नाही. मग कशाला लावायचा, मी विचारलं. ते तिथं गेल्यावर सांगतो.

शुक्रवारी आम्ही अर्धी रजा टाकून गेलो. फिंटन त्यांचं वेबली रीतसर ओर्लाच्या ताब्यात देऊन तिथंच थांबले होते. ओर्ला चाळिशीची, रुंद मनगटाची, केस पेन्सिलीनं वर खोचलेले. सांगूनही बाबांना वाटलं ही नुसती मालकीणबाई, हातानं काम करणारा कारागीर आत असेल. ती स्वतःच एप्रन बांधून बाकड्यापाशी बसली तेव्हा त्यांनी अलकनंदाकडे पाहिलं, आणि मग जरा सावरून उभे राहिले.

ओर्लानं वेबली उघडलं. वेबली मधोमध बिजागरीवर मोडतं, म्हणजे नळी पुढे झुकते आणि मागून सगळी चक्री दिसते. बाबांनी पाठीमागे हात बांधूनच सांगायला सुरुवात केली आणि अलकनंदा इंग्रजीत करत गेली. घोडा ओढला की एक छोटा पोलादी दांडा ताऱ्याच्या दाताला खालून ढकलतो आणि चक्री एक घर पुढे जाते. त्या दांड्याला त्यांच्या शस्त्रागारात 'ढकल्या' म्हणायचे. दात झिजला तर ढकल्या कमी पडतो. मग ढकल्याच लांब करायचा. सुटे भाग तिथंही कधी वेळेवर मिळत नसत. ढकल्या बाहेर काढून त्याच्या कण्याच्या मध्यावर, फक्त मध्यावर, थंडच हलके ठोके मारायचे. पोलाद पसरतं. केसभर लांब होतं. टोकाला हातोडी लागली तर सगळं वाया.

ओर्ला म्हणाली, मग बाकीची पाच घरं ठरल्यापेक्षा लवकर लागतील.

बाबा म्हणाले, "लवकर लागलेलं चालते. उशिरा लागलेलं नाही चालत."

अलकनंदानं याचं इंग्रजी केलं आणि ओर्ला पहिल्यांदा हसली.

तिनं तीन ठोके मारले. बाबांनी थांबवलं. तिनं ढकल्या बसवला, घोडा ओढला, ऐकलं. अजून थोडं. पुन्हा काढला, दोन ठोके, पुन्हा बसवला. असं चार वेळा झालं. शेवटी टोकावर दगड फिरवून गुळगुळीत केलं. अर्धा तास हेच चाललं. ठोका पडायच्या आधीच बाबांचा कंप पावणारा उजवा हात पाठीमागे किंचित हलायचा, ते मी पाहत होतो. त्यांच्या हातातून आता ते काम होणार नव्हतं, पण काम अजून त्यांच्या हातात होतं.

सहाही घरं जागेवर बसली. ओर्लानं चिमटा बाजूला ठेवला आणि ही गोष्ट मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही असं म्हणाली. फिंटननी रुमाल काढून नाक पुसलं.

तेव्हाच, तिथंच, बाबा अलकनंदाला म्हणाले, "पाच महिन्यांचं मले आधी काहून नाही सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

"माझ्या एका शब्दापायी तुझी सगळी यादी कागदावरच राहिली."

अलकनंदा म्हणाली, "बाबा, त्या उन्हाळ्यात घाईनं घेतलेली रिव्हॉल्व्हरं मी पाहिली आहेत. निम्म्या लोकांनी दोन वर्षांत विकून टाकली. माझा हात आजही दचकत नाही. तुम्ही आज पुन्हा दोन वर्षं थांब म्हणालात तर मी पुन्हा थांबेन."

बाबांनी मान हलवली. पाठीमागे बांधलेले हात सुटले आणि त्यातला डावा तिच्या डोक्यावर गेला. एकोणपन्नास वर्षांची, बावीस माणसांची बॉस असलेली बाई, ओर्लाच्या वर्कशॉपमध्ये मान खाली घालून उभी होती. फिंटन आणि ओर्लाला एक शब्द कळला नव्हता. दोघंही भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले.

पुढच्या शनिवारी फिंटननी रेंजच्या अधिकाऱ्यासमोर स्वतः बारा गोळ्या झाडून दाखवल्या. शेजारी कुणाला काही लागलं नाही. अधिकारी 'ग्रँड' म्हणाला, इथल्या भाषेत म्हणजे सगळं ठीक. मग फिंटननी वेबली बाकावर उघडं ठेवलं आणि बाबांना बोलावलं. पाहुण्याला क्लबच्या माणसाच्या देखरेखीखाली झाडता येतं, तसा कागद सेक्रेटरीनं तयार ठेवला होता. बाबांनी तो दोनदा वाचला, खाली सही केली, तारीख घातली आणि मगच हात पुढे केला.

मला वाटलं होतं की चौतीस वर्षं यात घालवलेला माणूस सराईतासारखा उभा राहील. त्यांनी आयुष्यात वाळूच्या पेटीत चाचणीची गोळी झाडली होती, तेवढीच. समोर लक्ष्य लावून, स्वतःसाठी, कधीच नाही. फिंटननी त्यांना बाकावर बसवलं, मनगटाखाली वाळूची पिशवी दिली. अलकनंदा त्यांच्या उजव्या खांद्यामागे उभी राहिली. घाई नाही, बाबा, एवढंच म्हणाली. त्यांनी सहा गोळ्या झाडायला चांगली पाच मिनिटं घेतली. प्रत्येक गोळीच्या आधी हात थरथरायचा, मग वाळूवर टेकून शांत व्हायचा.

सहावी झाल्यावर फिंटन दुर्बिणीतून लक्ष्य बघायला गेले. तीन काळ्या वर्तुळात होत्या, दोन बाहेर, एक कागदावरच नव्हती. त्यांनी तीन बोटं वर केली. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी वेबली उघडलं, रिकामी काडतुसं तळहातावर घेतली आणि एकेकाचं बूड उजेडाकडे धरून बघत होते. घोड्याच्या टोकानं जिथं ठोका मारला होता तिथं प्रत्येकावर एक बारीक खड्डा होता; घर जागेवर बसलं नसेल तर तो कडेला पडतो.

"सहाही मधोमध," ते म्हणाले. "पाचवंही."

त्यांनी ती सहा काडतुसं अलकनंदाच्या हातावर ओतली. तिनं मोजली नाहीत, पाहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. रेंजच्या अधिकाऱ्यानं येऊन बाबांशी हात मिळवला. मागोमाग सेक्रेटरी, आणि मग ज्यांची नावंही आम्हाला माहीत नव्हती असे दोन-तीन म्हातारे. बाबा प्रत्येकाला 'सुभाष बोकारे, आर्मरर, नागपूर' असं पूर्ण सांगत होते, जणू बदली होऊन नव्या ठाण्यात हजर झालेत.

त्या गर्दीतून ओर्लानं अलकनंदाला बाजूला घेतलं. ती खास बघायला आली होती. ओर्ला म्हणाली की मी गेली सहा वर्षं कुणीतरी शोधते आहे. जुनी रिव्हॉल्व्हरं समजणारी माणसं या देशात संपत चालली आहेत. तुझ्या वडिलांना मी ठेवून घेतलं असतं, पण ते परत जाणार. तू शनिवारी येशील का? पहिलं वर्षभर नुसती कानस चालवावी लागेल. रिव्हॉल्व्हरं घरी नेता येणार नाहीत, विकतही घेता येणार नाहीत. पण हातात येतील. पायथनही येतं कधी कधी, कुणाचं ना कुणाचं.

अलकनंदानं वर्कशॉपमधले नियम, लायसन्स, गार्डाची परवानगी यावर एका दमात सात प्रश्न विचारले. मग ती बाबांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, कानस कुठली वापरते ही? सपाट की अर्धगोल? उत्तर ऐकून त्यांचं समाधान झालं असावं, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सप्टेंबरात बाबा नागपूरला परतले. परवानगीचे कागद यायला आणखी दीड महिना गेला. गार्डाच्या अधिकाऱ्यानं अलकनंदाची फाइल चाळली, सतरा वर्षांची, आणि विचारायला काही शिल्लक नाही असं सांगून सही केली. हे तिनं मला जेवताना सहज सांगितलं आणि वरणात लिंबू पिळत राहिली. मी मात्र त्या रात्री ओळखीच्या चार घरांत फोन करून सांगितलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ती अथायला गेली. ओर्लानं तिला पोलादाचा साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा दिला आणि त्याची एक बाजू हातानं, नुसत्या कानशीनं, अगदी सपाट करायला सांगितली. ती चार तास तेच करत होती. दुपारी मी तिला घ्यायला गेलो तेव्हा तिची बोटं काळी झाली होती आणि गालावर पोलादाचा कीस चमकत होता. ठोकळ्यावर तिनं पोलादी पट्टी उभी धरली, खाली फट राहिली असेल तर उजेड दिसावा म्हणून मागे दिवा लावला, फोटो काढला आणि नागपूरला पाठवला. माझ्या डोळ्याला ती बाजू काचेसारखी दिसत होती.

पाच मिनिटांत बाबांचा व्हॉइस मेसेज आला. तिनं तो स्पीकरवर लावला.

"डाव्या कोपऱ्यातून उजेड येऊन राहिला. पुन्हा घास."

ओर्लानं काय म्हणाले ते विचारलं. अलकनंदानं सांगितलं. मग मला म्हणाली, तू गाडीत बस, मला अजून तासभर लागेल, आणि ठोकळा पुन्हा शिकंज्यात आवळला.